पिस्तूल-ग्रिपची शॉटगन: मनगट सुजलं, नेम चुकला, आता काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही डॅलसजवळ पत्नी आणि मुलासह राहता, ग्रीन कार्ड आहे, कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टूटू रायफल चालवलेली आहे. घरात ठेवायला म्हणून १२ गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी अरुंद) पंप शॉटगन, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची बंदूक घेतली, तीही दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) नसलेली, मागे नुसती पिस्तुलासारखी मूठ असलेली, कारण ती आखूड आणि हाताळायला सोपी वाटली. पहिल्याच दिवशी इनडोअर रेंजवर ती कमरेशी धरून बार काढले. निशाण ७ यार्डांवर असूनही कागदाला जेमतेम एक-दोनदा लागलं, रेंज ऑफिसरने थांबवलं, आणि दुसऱ्या दिवशी उजवं मनगट सुजलं. तुम्ही विचारता की ही बंदूक धरायची तरी कशी, आणि किती सराव केला की जमेल.

मी टेक्ससमध्ये नवशिक्यांना शॉटगन शिकवते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत आपली मराठी मंडळीही बरीच असतात. तुमच्यासारखा अनुभव मी पुन्हापुन्हा पाहते. नुसती मूठ असलेली शॉटगन ही शॉटगनांमधली सगळ्यात अवघड बंदूक आहे, आणि दुकानात ती सगळ्यात लहान दिसते म्हणून नवशिक्याच्या हातात तीच आधी पडते. धरायची पद्धत मी खाली सांगतेच, पण माझा पहिला सल्ला वेगळा आहे: काही काळ तिला दस्ता लावा आणि शॉटगन चालवायला दस्त्यावर शिका.

हा सल्ला तुम्हाला लागू आहे की नाही, ते तुमच्या बंदुकीवर अवलंबून आहे. नळी मोजा. बंदूक रिकामी आहे हे पाहून ती बंद करा, आणि तोंडाकडून सळई घालून बोल्टपर्यंतची (नळी मागून बंद करणाऱ्या तुकड्यापर्यंतची) लांबी घ्या. ती १८ इंचांपेक्षा जास्त असेल (दुकानात मिळणाऱ्या बहुतेक मुठीच्या पंप बंदुकांची साडेअठरा किंवा २० असते), तर दस्ता लावणं कायदेशीर आहे आणि बहुतेक मॉडेलांवर ते एका लांब स्क्रूचं काम असतं. पण तुमच्याकडे मॉसबर्ग ५९० शॉकवेव्हसारखी सुमारे १४ इंच नळीची आणि मागे वाकडी, पक्ष्याच्या डोक्यासारखी मूठ असलेली बंदूक असेल, तर तिला दस्ता कधीही लावू नका. दस्ता लावताक्षणी ती संघीय कायद्याने आखूड नळीची शॉटगन ठरते आणि आधी नोंदणी केलेली नसेल तर तो गंभीर गुन्हा आहे. त्या बंदुकीची मूळ वाकडी मूठ काढून सरळ उभी मूठ बसवणंही धोक्याचं आहे, कारण एकूण लांबी २६ इंचांच्या खाली गेली तर ती आणखी वेगळ्या वर्गात जाते आणि तिथेही नोंदणी लागते. तुमच्याकडे अशी बंदूक असेल तर शिकण्यासाठी रेंजवर दस्त्याची बंदूक भाड्याने घ्या.

तुमचं ग्रीन कार्ड आहे म्हणून पुढचा मुद्दा तुम्हाला नाही, पण हे वाचणारे अनेक जण एच-वन-बी किंवा एफ-वनवर असतील. अशा तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्याला संघीय कायद्याने बंदूक ताब्यात ठेवता येत नाही. कायद्यात काही अपवाद आहेत. राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं हा त्यातला नेहमी वापरला जाणारा अपवाद. रेंजवर भाड्याने घेतलेली किंवा मित्राची बंदूक हातात घेणं हाही ताबाच धरला जातो. मित्रांबरोबर गंमत म्हणून रेंजवर जाण्याआधी हे नीट तपासा, शंका असली तर वकिलाला विचारा. इथे चूक झाली तर त्याचा परिणाम थेट तुमच्या इमिग्रेशनवर होतो. राज्याराज्यांतही फरक आहे. न्यू जर्सीत पिस्तूल-ग्रिप असलेली सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन बंदी घातलेल्या वर्गात मोडते, त्यामुळे एडिसनच्या वाचकाने टेक्ससच्या वाचकाचं बघून खरेदी करू नये.

आता मुळाशी येऊ. दस्ता करतो काय? तो बंदूक चार ठिकाणी बांधून ठेवतो: खांदा, गाल आणि दोन हात. धक्का खांद्यातून सगळ्या धडात जातो. गाल दस्त्यावर टेकला की डोळा दर वेळी नळीच्या मागे त्याच जागी येतो, म्हणजे नेम आपोआप जुळतो. दस्ता काढला की खांदा आणि गाल दोन्ही गेले. सगळा धक्का मनगटावर आला, आणि नळी मनगटाच्या वरच्या रेषेत असल्यामुळे तो धक्का बंदुकीचं तोंड वर उचलतो. शिवाय बंदूक हलकी झाली. काडतूस तेच असेल तर बंदुकीला मिळणारा मागचा रेटा तोच राहतो, पण त्यातून येणारी धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. ३.४ किलोची दस्त्याची बंदूक आणि २.५ किलोची मुठीची बंदूक, दोन्हींतून एकच काडतूस उडवलं, तर दुसरीच्या धक्क्याची ऊर्जा पहिलीपेक्षा एक तृतीयांशाहून थोडी जास्तच असते. आणि ती झेलायला खांद्याऐवजी मनगट. दिवसभर कीबोर्डवर काम करणाऱ्यांचं मनगट आधीच कुरकुरत असतं. तुमची सूज पूर्ण उतरेपर्यंत बार काढू नका, आणि अंगठ्याच्या बाजूला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवा.

कागदाला का लागलं नाही, याचंही गणित साधं आहे. कमरेवरून नळी कुठे रोखली आहे ते डोळ्याला दिसत नाही. ७ यार्डांवर नळी एका अंशाने चुकली तर छर्रे साडेचार इंच बाजूला जातात, पाच अंशांनी चुकली तर २२ इंच. कमरेवरून पाच अंशांची चूक कुणाचीही होते. शॉटगनचे छर्रे पसरतात, नेम धरायची गरज नाही, ही समजूत मनातून काढून टाका. घरातल्या खोलीच्या अंतरावर छर्रे फार पसरलेलेच नसतात. दर यार्डाला साधारण एक इंच, असा जुना ठोकताळा आहे, आणि चांगल्या प्रतीच्या बकशॉट काडतुसांचे (म्हणजे जाड छर्ऱ्यांच्या काडतुसांचे) छर्रे त्याहूनही एकत्र राहतात. रेंज ऑफिसरने थांबवलं ते योग्यच केलं. कमरेवरून सुटलेला बार छताला, निशाणाच्या गाड्याला किंवा शेजारच्या लेनला लागू शकतो, म्हणून बहुतेक इनडोअर रेंजवर डोळ्याच्या रेषेत नेम धरल्याशिवाय बार काढू देत नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी जाण्याआधी रेंजला फोन करा. मुठीची शॉटगन चालते का, कोणती काडतुसं चालतात, एका वेळी किती भरू देतात, हे विचारा. बऱ्याच इनडोअर रेंजवर बारीक छर्ऱ्यांची काडतुसं चालत नाहीत, फक्त स्लग (एकच मोठी गोळी) किंवा बकशॉट चालतात, आणि नवशिक्याच्या मनगटाला नेमकं तेच नको असतं. शक्य असेल तर उघड्या रेंजवर जा, आठवड्याच्या मधल्या दिवशी, गर्दी नसताना.

काडतूस सगळ्यात हलकं घ्या. क्ले पिजनसाठी (हवेत उडवून टिपायच्या मातीच्या चकत्यांसाठी) मिळणारं पावणेतीन इंची, पाऊण ते एक औंस छर्ऱ्यांचं, डब्यावर कमी धक्क्याचं असं लिहिलेलं काडतूस शिकायला उत्तम. ३ इंची मॅग्नम आणि स्लग आत्ता हातात घेऊ नका. पावणेदोन इंची छोटी काडतुसंही मिळतात. त्यांचा धक्का खरोखर कमी असतो, पण अनेक पंप बंदुकांत ती आत आडवी होऊन अडकतात, त्यामुळे आधी एकेक चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) टाकून वापरून बघा. एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका: १२ गेजच्या बंदुकीजवळ २० गेजची काडतुसं ठेवूच नका. २० गेजचं काडतूस १२ च्या चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं, मग मागून १२ चं काडतूस बसतं, आणि बार काढला की नळी हातात फुटते. याच कारणासाठी २० गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. खिशात रंग मिसळलेले दिसले की मी विद्यार्थ्याला तिथेच थांबवते आणि सगळे खिसे रिकामे करायला लावते.

घरी कोरडा सराव करा, पण खोलीत एकही खरं काडतूस नसताना आणि नकली काडतुसं वापरून. सेफ्टी कुठे आहे ते बोटाला कळलं पाहिजे. मॉसबर्गवर ती वर, मागच्या टोकाला असते. दस्त्यावर अंगठ्याला ती सहज सापडते, पण उभ्या पिस्तूल-ग्रिपवर हात खाली गेल्यामुळे पकड सोडल्याशिवाय अंगठा तिथवर पोचत नाही. रेमिंग्टन ८७० वर ती चापाच्या मागे आडवी कळ असते. पंप सोडवायची खिट्टी मॉसबर्गवर चापाच्या कड्याच्या मागे, रेमिंग्टनवर कड्याच्या पुढे. ही ठिकाणं न बघता सापडेपर्यंत खरं काडतूस नको. आणि सेफ्टीवर विसंबू नका. या बंदुकांत सेफ्टी फक्त चाप अडवते, काडतुसावर आपटणारी आतली पिन अडवत नाही, म्हणून चेंबरमध्ये काडतूस असलेली बंदूक पडली तर बार होऊ शकतो.

पंप ओढायचा तो ठामपणे, मागे टेकेपर्यंत आणि पुढे टेकेपर्यंत. घाबरलेला माणूस पंप अर्धवट ओढतो. मग रिकामं टरफल बाहेर पडत नाही किंवा नवं काडतूस वर येत नाही, आणि माणूस बंदुकीला दोष देतो. नकली काडतुसांवर हे शंभर वेळा केलं तरी खर्च शून्य.

आता धरण्याविषयी. दस्त्यावर काही दिवस घालवून, ७ यार्डांवर बार तुमच्या मनातल्या जागी पडू लागले, की मग मूठ लावा. उजव्या हाताचे असाल तर डावा पाय पुढे, गुडघे सैल, वजन पुढच्या पायावर. मागे रेलून उभं राहणं ही जवळजवळ प्रत्येक नवशिक्याची सवय असते. धक्का त्याला आणखी मागे ढकलतो आणि नळी वर जाते. बंदूक डोळ्याच्या रेषेत उचला, दोन्ही डोळे उघडे, नळीवरचा मणी निशाणावर. पण मागचा हात तोंडाला चिकटवू नका. हनुवटीच्या पातळीवर, चेहऱ्यापासून किमान एक वीत पुढे तो असायला हवा. दस्त्याची सवय झालेला माणूस गाल पुढे नेतो आणि बंदुकीची मागची बाजू दातांवर येते. मी दात तुटलेला बघितला आहे, म्हणून या एका गोष्टीवर मी फार आग्रही आहे.

मग येतो दोन हातांचा ताण. पुढचा हात पंपाला निशाणाच्या दिशेने ढकलतो आणि मागचा हात मुठीला स्वतःकडे ओढतो, दोन्ही सारख्याच जोराने, चादरीची घडी घालण्याआधी ती दोन्ही हातांनी ताणून धरतो तशी. बंदूक या ताणामध्ये अडकून राहते. बार झाल्यावर धक्का मनगटाला भिडण्याआधी पुढच्या हाताचा रेटा त्यातला बराच भाग खाऊन टाकतो. ताण बार होण्याआधी सुरू झाला पाहिजे आणि बार झाल्यावरही टिकला पाहिजे. नवशिके चाप ओढताना पुढचा हात नकळत सैल सोडतात, आणि मनगटं सुजतात ती तिथेच. ताण टिकला की पंप ओढणंही सोपं होतं, कारण बंदूक मागे येते त्याच लयीत पुढचा हात पंप मागे घेऊन येतो.

मनगट कोपराच्या सरळ रेषेत ठेवा, कोपर किंचित वाकलेलं आणि खाली. कोपर बाहेर पसरलं की मनगट वळतं आणि धक्का कोनातून बसतो. मधलं बोट चापाच्या कड्याला दाबून ठेवू नका, कडं धक्क्याने त्याच बोटावर येऊन आपटतं. चापावरचं बोट नेम बसेपर्यंत कड्याच्या बाहेर. आणि आखूड नळीच्या बंदुकीवर पुढच्या हाताकडे सतत लक्ष ठेवा. पंप पुढे ढकलताना हात घसरला तर तो थेट नळीच्या तोंडापुढे येतो. शॉकवेव्हच्या पंपाला पट्टा दिलेला असतो तो याचसाठी, तो काढून टाकू नका.

एनसीसीच्या सवयींतल्या काही इथे उपयोगी आहेत. नळी कायम निशाणाकडे, हुकूम आल्याशिवाय काडतूस नाही, "सीज फायर" म्हटलं की लगेच थांबायचं, ही शिस्त तुमच्या अंगात आहे, ती सोनं समजा. पण पडून, श्वास रोखून, सावकाश चाप दाबायचा तो संथपणा इथे अडतो. हातांचा ताण जास्त वेळ टिकत नाही, हात थरथरायला लागतात. बंदूक उचला, मणी दिसला, बार, पंप, बंदूक खाली. दोन-तीन सेकंदांत सगळं. नेम जमला नाही असं वाटलं तर बार काढू नका, बंदूक खाली आणा, पुन्हा उचला.

पहिल्या दिवशी एका वेळी एकच काडतूस भरा. बार झाला की बंदूक रिकामी, मग विचार करायला वेळ. मोठ्या पांढऱ्या कागदावर मधोमध एक ठिपका काढा आणि ५ यार्डांपासून सुरुवात करा. बार सतत वरच्या बाजूला जात असतील तर पुढच्या हाताचा रेटा कमी आहे. खाली जात असतील तर बार होण्याआधीच तुम्ही धक्क्याला घाबरून नळी खाली दाबताय. ते तपासायला सोबतीच्या अनुभवी माणसाला तुमच्या नकळत मधेच एखादं नकली काडतूस भरायला सांगा. चाप ओढला, बार झाला नाही, आणि नळी खाली गेली, की कारण सापडलं. दहा-बारा बार झाले की थांबा. थकलेल्या मनगटाने काढलेला प्रत्येक बार वाईट सवय पक्की करतो.

चाप ओढला आणि नुसता "टक्" आवाज आला, तर नळी निशाणाकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, काडतूस उशिरा पेटू शकतं. मग उघडा. बार फुसका, दबक्या आवाजाचा झाला, तर पुढचा बार अजिबात नको. बंदूक रिकामी करा आणि नळीत वॉड (काडतुसातला छर्ऱ्यांमागचा प्लास्टिकचा बोळा) अडकला आहे का ते सळई घालून पाहा. अडकलेल्या वॉडवर दुसरा बार म्हणजे फुटलेली नळी.

कानांसाठी फोमचे बोळे आणि त्यावर मफ, दोन्ही घाला. अचानक होणाऱ्या आवाजाने १४० डेसिबलच्या वर कानाला इजा होते, शॉटगन १५० च्या वर जाते, आणि नळी आखूड असेल तर तिचं तोंड तुमच्या कानाच्या आणखी जवळ. चष्मा रोजचा नको, आघात सोसणारा घ्या. शिसं हा मात्र आपल्या घरांसाठी खास मुद्दा आहे, कारण आपण हाताने जेवतो. रेंजवरून निघताना हात, मनगटं आणि चेहरा साबणाने गार पाण्यात धुवा, घरी आल्यावर कपडे थेट धुवायला टाका, आणि अंघोळ होईपर्यंत लहान मुलाला उचलून घेऊ नका. रेंजवर खिशातली चकली खाणंसुद्धा टाळा.

किती सराव, याचं उत्तर दिवसांत देता येत नाही, मनगटाची ताकद आणि तुमचा वेळ यावर ते ठरतं. मी ही खूण वापरते: मुठीवर, हलक्या काडतुसाने, ७ यार्डांवर लागोपाठ पाच बारांचा मध्य टाइपिंगच्या कागदाएवढ्या जागेत बसला, पंप एकदाही अर्धवट ओढला गेला नाही, आणि दुसऱ्या दिवशी मनगट दुखलं नाही. हे दोन वेगवेगळ्या दिवशी जमलं की मग घरासाठी ठेवणार ते कमी धक्क्याचं बकशॉट त्याच कागदावर, त्याच अंतरावर पाहा. तुमच्या बंदुकीत तुमचं काडतूस किती पसरतं ते फक्त तिथेच कळतं. अनेकांना इथवर आल्यावर वाटतं की दस्ताच बरा होता. तुम्हालाही तसं वाटलं, आणि नळी १८ इंचांच्या वर असली, तर दस्ता कायमचा ठेवा. घराच्या कामाला तो कुठेही कमी पडत नाही, उलट तुमच्या पत्नीलाही तीच बंदूक चालवता येईल.

तोपर्यंत घरात ती रिकामी, केबल लॉक लावलेली आणि काडतुसं वेगळ्या कुलपात असू द्या. टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ती ठेवणं हा गुन्हा आहे. तुम्ही मुलाचं वय लिहिलं नाहीत, पण घरी पाहुण्यांची मुलंही येतातच.